घाम वाळेल का, तेवढं सांगा: हवामानाचा अंदाज देणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
प्रादेशिक हवामानाचा अंदाज लिहिणारे, तो बातम्यांत वाचून दाखवणारे आणि ॲपवर चढवणारे सर्वजण

विषय: उन्हाळ्याच्या अंदाजात दमटपणा, रात्रीचा उकाडा आणि वादळाची वेळ स्पष्ट सांगण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

मी बांधकामावर सुपरवायझर आहे. पहाटे पाचला उठलो की चहाच्या आधी तुमचा अंदाज वाचतो. स्लॅब आज भरायचा की परवा, क्रेन किती वाजेपर्यंत चालवायची, दुपारची सुट्टी किती लांबवायची, हे सगळं तुमच्या त्या चार ओळींवर ठरतं. त्या चार ओळींमागे उपग्रह असतात, रडार असतात, दिवसातून दोनदा आकाशात सोडलेले फुगे असतात आणि रात्रपाळी करणारी माणसं असतात, याची मला जाणीव आहे. तुमच्यावर राग काढायला मी बसलेलो नाही. मला तुमच्याकडून काहीतरी हवं आहे, आणि ते तुमच्याकडे आधीपासून आहे, म्हणून लिहितो आहे.

ज्या दिवसामुळे हे पत्र लिहावंसं वाटलं तो कागदावर अगदी साधा दिवस होता. कमाल 35, किमान 28, आकाश अंशतः ढगाळ, तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पावसाची शक्यता. आदल्याच आठवड्यात पारा 40 ला टेकून आला होता, त्यामुळे 35 वाचून मला हायसं वाटलं. रखडलेलं सळईचं काम आज उरकून टाकू, असं मी फिटरना सांगितलं.

साडेअकराच्या सुमाराला वर गेलो. सळया बांधणाऱ्यांत एक विशीतला मुलगा होता, कामावर येऊन तिसराच दिवस. उकिडवा बसून हुकाने बाइंडिंगची तार पिळत होता. मी पुढे निघालो होतो, पण काहीतरी खटकलं म्हणून थांबलो. त्याने एका सांध्याला तार बांधली, पीळ दिला, आणि पुढच्या सांध्यावर सरकायचं सोडून त्याच सांध्यात दुसरी तार घातली. मग तिसरी. हाक मारली तर मान वर केली, पण नजर माझ्यावर ठरेना. कोपरावरून घाम टपटप सळईवर पडत होता. शर्ट बादलीतून काढून न पिळता घातल्यासारखा.

चौघांनी उचलून सावलीत आणलं, शर्ट काढला, अंगावर पाणी ओतलं, पंखा लावला, मानेला आणि काखेत बर्फ धरला, आणि पाणी मारत मारतच गाडीत घातलं. पोरगं वाचलं. चार दिवसांनी घरी गेलं. डॉक्टरांनी मला एक गोष्ट बजावून सांगितली: अंग ओलं आहे की कोरडं, हे बघत बसू नका. काम करता करता उष्माघात होतो तेव्हा माणूस घामाने भिजलेला असू शकतो. तो असंबद्ध वागायला लागला की तेव्हाच धावायचं.

घरी आल्यावर मला दुसरंच काहीतरी आठवत राहिलं. आदल्या आठवड्यात 40 अंशांत हेच काम चालू होतं. हा मुलगा नव्हता, बाकी सगळे तेच. तेव्हा दुपारच्या जेवणाला बसताना प्रत्येकाच्या पाठीवर मिठाचे पांढरे पट्टे उमटलेले होते. 35 च्या दिवशी एकाच्याही पाठीवर पट्टा नव्हता.

पांढरा पट्टा म्हणजे घाम वाळला, आणि वाळताना अंगातली उष्णता घेऊन गेला. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर साधारण 2400 किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. कष्टाचं काम करणाऱ्याला तासाभरात तेवढा घाम सहज येतो. पण जो थेंब न वाळता सळईवर पडला, त्याने काहीच नेलं नाही. उलट अंगातलं पाणी आणि मीठ मात्र गेलं. म्हणजे त्या दिवशी ती माणसं किंमत पूर्ण मोजत होती आणि बदल्यात गारवा मिळत नव्हता.

मग मी दोन्ही दिवसांच्या दुपारच्या नोंदी काढून शेजारी शेजारी मांडल्या. पहिला दिवस: 40 अंश, सापेक्ष आर्द्रता 20 टक्के. दुसरा: 35 अंश, आर्द्रता 60 टक्के. थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळून त्यावर वारा घातला की पारा जिथवर उतरतो त्याला वेट बल्ब तापमान म्हणतात. ओल्या अंगाला हवा जास्तीत जास्त किती गार करू शकेल, याचीच ती मर्यादा. पहिल्या दिवशी ती 23 अंशांच्या आसपास येते. दुसऱ्या दिवशी साडेअठ्ठावीस. तुम्ही सांगितलेल्या आकड्याप्रमाणे दिवस पाच अंशांनी सुसह्य झाला होता, आणि अंगाच्या हिशेबाने साडेपाच अंशांनी कठीण. जाणवणारं तापमान काढायची जी हीट इंडेक्सची पद्धत आहे, जिचा पाया रॉबर्ट स्टेडमन यांनी 1979 मध्ये घातला, तिच्याने मोजलं तरी 40 चा कोरडा दिवस 40 च्या आतच राहतो आणि 35 चा दमट दिवस 45 वर जातो.

हे मला नोंदी मांडल्यावर कळलं, काम थांबवायला हवं होतं त्या सकाळी नाही.

वेट बल्ब 35 अंशांवर गेलं तर निरोगी माणूससुद्धा सावलीत, पंख्याखाली बसून काही तासांपलीकडे तग धरू शकत नाही, ही मर्यादा 2010 मध्ये स्टीव्हन शेरवूड आणि मॅथ्यू ह्यूबर यांनी मांडली. 2022 मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात धडधाकट तरुणांवर प्रत्यक्ष प्रयोग झाले, तेव्हा दमट हवेत ती मर्यादा 31 च्या जवळपासच आढळली. आणि त्या प्रयोगातली मंडळी घरातल्या हलक्या हालचालींइतकेच श्रम करत होती. डोक्यावर घमेलं घेऊन चार मजले चढत नव्हती.

तुम्ही म्हणाल, आर्द्रता आम्ही देतोच की. देता, पण टक्क्यांत देता, आणि टक्क्यांचा आकडा माणसाला हमखास फसवतो. पहाटे 24 अंशांना आर्द्रता 90 टक्के. दुपारी 36 अंशांना 45 टक्के. वाचणाऱ्याला वाटतं, हवा अर्ध्याने कोरडी झाली. प्रत्यक्षात दोन्ही वेळी हवेत वाफ जवळजवळ तेवढीच असते, कारण तापलेल्या हवेत वाफ मावायची जागा वाढते, दर अंशामागे साधारण सात टक्क्यांनी. भांडं मोठं झालं म्हणून पातळी खाली दिसली, पाणी कमी झालं नाही. हीच गोष्ट दवबिंदू, म्हणजे हवा ज्या तापमानापर्यंत गार केली की तिच्यातल्या वाफेचं दव व्हायला लागतं तो आकडा, सरळ सांगतो: दोन्ही वेळी तो 22 अंशांच्या आसपास. पहाटे 22, दुपारी 22. दवबिंदू 16 च्या खाली असेल तर हवा मोकळी वाटते, 20 च्या वर गेला की अंग चिकट होतं, 24 ओलांडला की घाम नुसता ओघळतो. आमच्या त्या दिवशी तो 26 होता. कोरड्या दिवशी 13.

दवबिंदू हा शब्द लोकांना जड जाईल, ही भीती मी एका वृत्तवाहिनीवर काम करणाऱ्या मित्राकडून ऐकली आहे. मला ती पटत नाही. रक्तातली साखर आणि रक्तदाबाचे वरचे-खालचे आकडे आज घराघरात तोंडपाठ आहेत. ते कोणी शाळेत शिकवले नव्हते. रोज कानावर पडले, त्यांचा आपल्या जिवाशी संबंध आहे हे कळलं, आणि लोक शिकले. दवबिंदू रोज सांगा, एका उन्हाळ्यात लोक तोही शिकतील.

हीट इंडेक्स सांगणं सुरू केलंत तर त्याबरोबर एक वाक्य मात्र कधीच गाळू नका: हा आकडा सावलीतला आहे. मुळात तुमचं तापमानच सावलीतलं असतं. पांढऱ्या झडपांची पेटी, गवतावर, जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवर, आत वारा खेळता. हे शास्त्राला धरून आहे आणि तसंच असायला हवं, नाहीतर एका गावाचं तापमान दुसऱ्याशी ताडून बघता येणार नाही. पण स्लॅबवर गवत नसतं आणि झडपांची पेटीही नसते. थेट उन्हात उभं राहिलं तर जाणवणारं तापमान आणखी 8 अंशांपर्यंत वाढू शकतं. उन्हातल्या कष्टांसाठी वेगळं मोजमाप फार पूर्वीपासून आहे. 1950 च्या दशकात अमेरिकेतल्या मरीन सैनिकांच्या प्रशिक्षण तळांवर तरुण पोरं उन्हाने कोसळायला लागली, तेव्हा वेट बल्ब ग्लोब तापमान नावाचा निर्देशांक तयार झाला. त्यात ओल्या फडक्याच्या थर्मामीटरला 70 टक्के वजन, उन्हात ठेवलेल्या काळ्या गोळ्याच्या तापमानाला 20 टक्के, आणि ज्या आकड्याची तुम्ही रोज बातमी करता त्या साध्या तापमानाला फक्त 10 टक्के. जपानने 2021 पासून देशभरातला उष्माघाताचा इशारा याच निर्देशांकावर बेतला आहे. भारतीय हवामान विभागाच्या उष्णतेच्या लाटेच्या निकषांतही मैदानी भागासाठी किमान 40 अंश आणि किनारपट्टीसाठी 37 अंश असा फरक आहे. नुसत्या पाऱ्यावर भागत नाही, हे तुमच्या क्षेत्राला कधीच कळलेलं आहे. ते कळणं आमच्यापर्यंत पोचलेल्या चार ओळींत उतरलेलं नाही, एवढंच माझं म्हणणं.

आता रात्रीबद्दल. अंदाजात 'किमान 28' असं लिहिलेलं असतं आणि ते वाचून कोणी थबकत नाही. पण किमान तापमान असतं पहाटेचं, सूर्योदयाच्या आगेमागे. माणूस झोपायचा प्रयत्न करतो रात्री दहा-अकराला. आमची माणसं पत्र्याच्या खोल्यांत राहतात. एकदा रात्री साडेदहाला हजेरीची वही आणायला गेलो तर एकही जण आत नव्हता. सगळे बाहेर, वाळूच्या ढिगाजवळ फळ्या टाकून पडलेले, आणि कुणालाच झोप नाही. पत्र्याला आतून हात लावला तर तो अजून ऊन होता. दमट हवेतली वाफ जमिनीची उष्णता वर जाऊ देत नाही, त्यामुळे अशा रात्री पारा उतरतच नाही. दिवसभर तापलेल्या शरीराला रात्रीची जी विश्रांती लागते ती मिळत नाही, आणि दुसऱ्या दिवशीचं ऊन कालच्या थकव्यावर चढतं. जुलै 1995 मध्ये शिकागोत जी लाट आली तिच्यात 739 माणसं गेली. त्यांतले कित्येक जण वरच्या मजल्यांवरच्या बंद खोल्यांत, एकेकटे राहणारे, म्हातारे होते. त्या लाटेत हवा कमालीची दमट होती आणि रात्रीही गारवा नव्हता. 2003 च्या उन्हाळ्यात युरोपात 70 हजारांहून जास्त बळी गेले, तिथेही रात्रींनी घात केला. ही माणसं उन्हात नव्हती. घरात होती. दुपारचा कमाल आकडा मोठ्या अक्षरांत छापून त्यांचं भलं झालं नसतं. रात्री अकराला किती अंश असतील, एवढं लिहिलं असतं तर शेजाऱ्यापाजाऱ्यांनी निदान दार तरी ठोठावलं असतं.

तर त्या दिवसाची संध्याकाळ. मुलाला दवाखान्यात पोचवून मी साडेचारला साइटवर परत आलो. काम बंद होतं. आभाळ पश्चिमेला काळं झालेलं, पण पाऊस लांब दिसत होता, डोक्यावर तर ऊनच. पाच वाजून दहा मिनिटांनी वारा एकदम पडला. पान हलेना. मग गार वाऱ्याची एक झुळूक आली आणि दोन पोरं "आहाहा" करत छाती उघडी टाकून कठड्याशी गेली. पुढच्या मिनिटाला शटरिंगच्या प्लाय उडाल्या. एक प्लाय पत्र्याच्या खोलीवर जाऊन आदळली, दोन रस्त्यावर पडल्या. पावसाचा पहिला थेंब त्यानंतर आठ-दहा मिनिटांनी आला. कोणाला लागलं नाही.

तुमच्या अंदाजात वादळाची शक्यता लिहिलेली होती. म्हणजे अंदाज चुकला नव्हता, आणि चुकला असं मी कधी म्हणणारही नाही. सकाळी घाम वाळू न देणारी जी वाफ होती, तीच संध्याकाळी त्या ढगाचं इंधन झाली, हे मला नंतर वाचून समजलं. वाफ वर चढते, थंड होऊन तिचे थेंब होतात, आणि अंगावरून घाम वाळताना जी उष्णता वाफेत शिरली असती तीच उष्णता तिथे बाहेर पडते आणि ढगाला आणखी वर ढकलते. पुढे पावसाबरोबर थंड, जड हवा खाली कोसळते आणि जमिनीवर आपटून चहूबाजूंनी पसरते. ती गार झुळूक म्हणजे त्या पसरणाऱ्या हवेचं टोक होतं. जून 1975 मध्ये न्यूयॉर्कच्या विमानतळावर उतरताना एक विमान अशाच खाली कोसळणाऱ्या हवेत सापडलं होतं, आणि त्या अपघाताच्या अभ्यासातून टेड फुजिता यांनी या वाऱ्यांचं स्वरूप जगाला समजावून दिलं. पन्नास वर्षं होऊन गेली. तरीही कडक उन्हाळ्यात आलेल्या गार झुळुकीला छाती द्यायची नसते, कठड्यापासून मागे सरायचं असतं, हे त्या दोन पोरांना कोणी सांगितलेलं नव्हतं. मीही नाही. ती चूक माझी आहे, आणि आता कामावर येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी मी ते सांगतो.

तुमच्याकडून जे हवं ते शक्यतेच्या भाषेबद्दल आहे. '30 टक्के शक्यता' म्हणजे काय? 2005 मध्ये जर्मन अभ्यासक गेर्ड गिगरेन्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ॲमस्टरडॅम, अथेन्स, बर्लिन, मिलान आणि न्यूयॉर्क इथल्या लोकांना हाच प्रश्न विचारला होता. कोणी म्हणालं दिवसातला 30 टक्के वेळ पाऊस, कोणी म्हणालं 30 टक्के भागावर पाऊस. अशा हवेचे दहा दिवस घेतले तर त्यातल्या तीन दिवशी पाऊस, हा खरा अर्थ लावणारे न्यूयॉर्क सोडलं तर कमीच निघाले. माझ्या साइटवर मी विचारलं तेव्हा ठेकेदाराने सांगितलं, "तीस टक्के म्हणजे होत नाही." सलग पाच दिवस तीस-तीस टक्के असतील, आणि एका दिवसाचा दुसऱ्याशी संबंध नाही असं धरलं, तर पाचांतल्या एका तरी दिवशी गाठण्याची शक्यता 83 टक्के होते. त्या ठेकेदाराचं काम पाच दिवसांचंच होतं.

'तुरळक ठिकाणी' या शब्दांचंही तसंच. भारतीय हवामान विभागाच्या परिभाषेत त्याचा नेमका अर्थ आहे: अंदाज ज्या भूभागासाठी असतो त्यातल्या 25 टक्के किंवा त्याहून कमी केंद्रांवर पाऊस. 'काही ठिकाणी' म्हणजे 26 ते 50 टक्के, आणि पुढे तशाच पायऱ्या. हा अर्थ ज्याला माहीत आहे त्याच्यासाठी या शब्दांत शिस्त आहे. पण बातमीत येईपर्यंत ती गळून जाते आणि वाचणारा 'तुरळक' हा शब्द पावसाच्या जोराला लावतो. चार थेंब पडतील, असा त्याचा समज होतो. उन्हाळी वादळाच्या बाबतीत हा समज जिवावर बेतणारा आहे, कारण ते थोड्याच ठिकाणी येतं आणि जिथे येतं तिथे पूर्ण ताकदीने येतं. एखाद्या ढगाचा विस्तार दहा-वीस किलोमीटरचा, आयुष्य अर्ध्या-पाऊण तासाचं. अंदाजाचा भूभाग केवढा मोठा असतो ते तुम्ही जाणताच.

म्हणून माझी कळकळीची विनंती आहे की 'होईल का' आणि 'झालं तर किती' ही दोन वाक्यं वेगळी लिहा. काही दिवस असे असतात की खाली दमट हवा कोंडलेली असते आणि वर एक-दोन किलोमीटरवर कोरड्या, उबदार हवेचं झाकण बसलेलं असतं. झाकण हाललं नाही तर दिवसभर एक ढग वाढत नाही. नुसता उकाडा. उशिरा दुपारी ते फुटलं तर मात्र दिवसभर साठलेली सगळी ऊर्जा एकदम मोकळी होते. त्या दिवशी तुम्ही '20 टक्के' लिहिता, ते बरोबरच आहे. पण तो 20 टक्क्यांचा दिवस आणि हलक्या सरींचा 20 टक्क्यांचा दिवस आमच्या कानाला सारखेच ऐकू येतात. क्रेनवर बसलेल्या माणसाला ते सारखे नाहीत. "शक्यता कमी, पण आलं तर वारा अचानक आणि जोराचा" एवढं लिहिलंत तर मी चार वाजता क्रेन थांबवून ऑपरेटरला खाली बोलावून घेईन, मग वादळ येवो न येवो.

आणि वेळ. उन्हाळी वादळ कुठे पडेल ते एक दिवस आधी कोणालाच सांगता येत नाही, हे मी समजू शकतो. पण साधारण केव्हा, हे बरंचसं सांगता येतं. दुपारी चार ते रात्री आठ, असं लिहिलंत तरी माझा दिवस उभा राहतो: स्लॅब पहाटे भरायला घेतो, अकराला संपवतो, उन्हातून आणि वादळातून एकदमच सुटका. नेमकं ठिकाण मग रडारवर बघून पुढच्या दोन-तीन तासांसाठी तुम्ही सांगताच. ते आमच्या फोनवर वेळेत पोचलं पाहिजे, आणि गावाच्या नावानिशी पोचलं पाहिजे, जिल्ह्याच्या नाही.

विजेबद्दल फार लिहीत नाही, कारण त्यावर आता बरंच सांगितलं जातं. एकच. वीज पावसाच्या पुढे पंधरा-पंधरा किलोमीटरवर पडू शकते, आणि गडगडाटही साधारण तितक्याच अंतरापर्यंत ऐकू येतो. म्हणजे आवाज आला की तुम्ही तिच्या टप्प्यात आहात. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबायचं, हे वाक्य अंदाजाच्या शेवटी कायमचं छापून ठेवलं तर कुणाचं काय बिघडेल?

हंगामाच्या सुरुवातीला जो लांब पल्ल्याचा अंदाज येतो त्यात 'तापमान सरासरीपेक्षा जास्त राहण्याची शक्यता 45 टक्के' असं काही असतं. ते वाचून लोक म्हणतात, निम्म्यालाही पोचत नाही, मग कसली चिंता? इथे तीन खाने असतात, सरासरीपेक्षा कमी, सरासरीइतकं आणि सरासरीपेक्षा जास्त, आणि काहीच माहीत नसतं तर प्रत्येकाच्या वाट्याला 33 टक्के येतात, हे सांगितल्याशिवाय 45 चं वजन कळत नाही. त्या एका ओळीवरून मला ठरवता येतं की यंदा सावलीच्या जाळ्या फेब्रुवारीतच मागवायच्या, आणि नवी माणसं एकदम उन्हात उतरवायची नाहीत. नव्या माणसाच्या शरीराला उन्हाची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. त्या मुलाचा तिसरा दिवस होता. हे मला आधी माहीत असायला हवं होतं, ती जबाबदारी माझी. पण पहिला उकाड्याचा आठवडा येतो आहे, नव्यांना जपा, एवढं तुम्ही लिहिलं असतं तर मी त्याला त्या दिवशी खाली, सावलीत सळया मोजायला बसवलं असतं.

तुम्हाला एक भीती असते, ती मला समजते. इशारा दिला आणि काही झालं नाही तर लोक हसतील, पुढच्या वेळी ऐकणार नाहीत. रॉबर्ट फिट्झरॉय यांनी 1861 मध्ये इंग्लंडच्या किनाऱ्यावर वादळाचे इशारे आणि वृत्तपत्रांतून अंदाज सुरू केले, तेव्हा त्यांच्या वाट्यालाही टिंगल आली. त्यांच्या मृत्यूनंतर 1866 मध्ये ते इशारे बंद करण्यात आले, शास्त्राच्या कसोटीला उतरत नाहीत म्हणून. पण बंदरांवरच्या लोकांना ते हवे होते. त्यांनी आवाज उठवला आणि 1867 मध्ये इशारे परत सुरू झाले. चुकणारे इशारे त्या लोकांनी मागून घेतले, कारण समुद्रात त्यांना जायचं होतं. मी तेच करतो आहे. तीनदा तुमच्यामुळे काम थांबलं आणि तिन्हीदा आभाळ कोरडं राहिलं, तरी मी तुम्हाला बोल लावणार नाही. मालकाला उत्तर द्यायचं काम माझं.

मला हवा असलेला अंदाज मी माझ्या भाषेत लिहून देतो, तुम्ही तो सुधारून घ्या:

"दुपारी सावलीत 35, दवबिंदू 26, घाम वाळणार नाही. अकरा ते चार उन्हात कष्टाचं काम टाळावं, नव्या माणसांनी मुळीच करू नये. रात्री अकरालाही 31, पत्र्याच्या आणि वरच्या मजल्यावरच्या खोल्यांत त्याहून जास्त. अशा दहा दिवसांपैकी तीन दिवशी वादळ होतं. झालं तर चार ते आठ या वेळात, थोड्याच ठिकाणी, पण वारा पावसाच्या आधी आणि जोरात."

चारच्या पाच ओळी झाल्या असतील.

तो मुलगा महिनाभराने कामावर परत आला. गेटपाशी एक काळा फळा आहे, त्यावर मी आता रोज सकाळी खडूने तीन आकडे लिहितो: दवबिंदू, रात्री अकराचं तापमान आणि वादळाची वेळ. ते जमवायला मला तीन वेगळ्या ठिकाणी शोधावं लागतं, आणि वादळाची वेळ बऱ्याचदा सापडत नाही म्हणून ती जागा रिकामी राहते. पाचला शोधायला बसतो. साडेसहाला गेट उघडतं.

आपला,
बांधकामावरचा एक सुपरवायझर